धंद्यातली माहिती : कुठे शोधावी, कितपत मानावी

तासगाव-सांगलीकडच्या एखाद्या बेदाणा व्यापाऱ्याकडे मुंबईतील एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची मोठी मागणी येते. भाव बाजारापेक्षा किलोमागे चार-पाच रुपयांनी चढा. अट एकच, पैसे पंचेचाळीस दिवसांनी. कंपनीचे संकेतस्थळ देखणे असते, माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेले असते आणि त्यात वार्षिक उलाढालीचा आकडा ठळक टाइपात दिलेला असतो. व्यापाऱ्याचा हंगामभराचा माल आणि त्यावर काढलेले बँकेचे कर्ज या एका होकारावर अवलंबून असते. अशा वेळी बहुतेक जण एखाद्या ओळखीच्या माणसाला फोन करतात आणि ‘पार्टी चांगली आहे’ या तीन शब्दांवर ट्रक भरला जातो.

याचा अर्थ माहिती उपलब्ध नसते असा नाही. कंपन्यांचे ताळेबंद, संचालकांची नावे, तारण ठेवलेली मालमत्ता, बाजार समित्यांतील रोजचे दर, आयात-निर्यातीचे आकडे हे सारे सरकारदरबारी नोंदलेले असते आणि त्यातले पुष्कळसे फुकट किंवा नाममात्र शुल्कात पाहता येते. अडचण दुहेरी आहे. कोणती नोंद कुठे असते हे ठाऊक नसते, आणि ती हाती आल्यावर तिच्यावर किती विसंबावे याचा अंदाज नसतो. पहिली अडचण इंटरनेटने बरीच कमी केली. दुसरी मात्र त्यानेच वाढवली, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

आधी ओळख, मग उलाढाल

चौकशीची सुरुवात नावापासून न करता क्रमांकापासून करावी. सारख्या नावाच्या दोन-तीन कंपन्या असणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि एका बड्या उद्योगसमूहाशी मिळतेजुळते नाव घेऊन वावरणाऱ्यांचीही उणीव नाही. भारतात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. हा क्रमांक वाचता आला की अर्धी माहिती तिथेच मिळते. पहिले अक्षर ‘एल’ असेल तर कंपनीचे समभाग शेअर बाजारात सूचिबद्ध आहेत, ‘यू’ असेल तर नाहीत. पुढचे पाच अंक व्यवसायाचा प्रकार सांगतात, त्यानंतरची दोन अक्षरे राज्य दर्शवतात (महाराष्ट्रासाठी ‘एमएच’), त्यापुढील चार अंक स्थापनेचे वर्ष, मग कंपनीचा प्रकार आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. ‘तीन पिढ्यांचा अनुभव’ अशी जाहिरात करणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात २०२१ हे साल दिसले, तर निदान एक प्रश्न विचारण्याजोगा ठरतो. जुनी भागीदारी मोडून नवी कंपनी काढलेली असू शकते, पण ते समोरच्याने सांगितले पाहिजे.

वस्तू व सेवा कराचा १५ अक्षर-अंकांचा क्रमांकही असाच बोलका आहे. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचा संकेतांक २७, गोव्याचा ३०. पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या करदात्याचा पॅन. पॅनमधील चौथे अक्षर, म्हणजे या क्रमांकातील सहावे, करदाता कोण आहे ते सांगते. ‘सी’ म्हणजे कंपनी, ‘एफ’ म्हणजे भागीदारी, ‘पी’ म्हणजे व्यक्ती, ‘एच’ म्हणजे अविभक्त हिंदू कुटुंब. कार्डावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि बिलावरच्या क्रमांकात ‘पी’ असेल तर व्यवहार कंपनीशी होत नसून कुणा एका व्यक्तीशी होत आहे. पैसे बुडाल्यावर दावा कुणावर लावायचा हा प्रश्न इथे गुंतलेला असतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, ती कधी घेतली आणि विवरणपत्रे वेळेवर भरली जातात का, हे कुणालाही दिसते. सलग तीन-चार महिन्यांची विवरणपत्रे थकलेली दिसली तर माहितीपत्रकातल्या उलाढालीच्या आकड्याकडे पुन्हा एकदा पाहावे.

कंपनी व्यवहार मंत्रालयाने २००६ मध्ये ‘एमसीए-२१’ हा प्रकल्प सुरू केला, तेव्हापासून कंपनी निबंधकाच्या कार्यालयात फायली धुंडाळण्याची गरज उरली नाही. कंपनीची प्राथमिक माहिती शुल्काविना दिसते. दाखल केलेली कागदपत्रे पाहायची तर कंपनीमागे शंभर रुपये मोजावे लागतात. हेच ताळेबंद पुन्हा छापणारी खासगी संकेतस्थळेही बरीच आहेत. ती सोयीची असली तरी त्यांची माहिती मागाहून अद्ययावत होते आणि केव्हा झाली ते नेहमी कळत नाही. शंभर रुपये वाचवण्यासाठी तो धोका पत्करण्यात अर्थ नाही.

कागद पाहताना तारखेचे भान ठेवावे लागते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, वार्षिक सर्वसाधारण सभेला सामान्यतः ३० सप्टेंबरपर्यंत मुदत असते आणि सभेनंतर ३० दिवसांत हिशेब दाखल करायचे असतात. म्हणजे ऑक्टोबरअखेरीस हाती येणारा ताळेबंद सात महिन्यांपूर्वीचे चित्र दाखवतो. फेब्रुवारीत सौदा करणारा माणूस जवळजवळ वर्षापूर्वीच्या परिस्थितीवर निर्णय घेत असतो. त्यामानाने बोजाची नोंद ताजी असते. कंपनीने मालमत्ता किंवा साठा तारण ठेवून कर्ज घेतले की त्याची नोंद सर्वसाधारणपणे ३० दिवसांत करावी लागते. वर्षभरात एकामागून एक नवे बोजे चढत असतील आणि जुना एकही उतरत नसेल, तर ताळेबंदात अजून न उमटलेली गोष्ट तिथे आधी दिसते.

अधिकृत भांडवल आणि वसूल भांडवल यांतली गल्लत तर नित्याची आहे. दहा कोटींचे अधिकृत भांडवल म्हणजे तेवढे भांडवल उभारण्याची मुभा. प्रत्यक्षात भागधारकांनी एक लाख रुपयेच भरलेले असू शकतात. माहितीपत्रकात कोणता आकडा छापला जातो, हे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. निबंधकाकडील कागद कंपनीने स्वतः दाखल केलेले असतात. त्यातील प्रत्येक आकडा सरकारने तपासून घेतलेला असतो असे नाही. नोंद आहे म्हणजे कंपनी जिवंत आहे असेही नाही. २०१७ मध्ये केंद्र सरकारने दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढून टाकली. त्या तोवर कागदोपत्री कंपन्याच होत्या.

मालकीची पेढी किंवा भागीदारी असेल तर यातले बरेचसे उपाय लागू पडत नाहीत. त्यांचे हिशेब जनतेसाठी खुले नसतात. तिथे जीएसटीची नोंद, न्यायालयांतील दावे आणि बाजारातील पत एवढ्यावरच भागवावे लागते. महाराष्ट्रातील घाऊक व्यापार मोठ्या प्रमाणावर अशाच पेढ्यांच्या हाती असल्याने ही मर्यादा लहान नाही.

सही-शिक्क्याचा भरवसा

लेखापरीक्षकाची सही असलेला ताळेबंद म्हणजे अंतिम सत्य, ही समजूत ७ जानेवारी २००९ रोजी जाहीरपणे मोडली. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी त्या दिवशी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात कबूल केले की, ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. त्या तिमाहीचे उत्पन्न २,७०० कोटी दाखवले होते, खरे २,११२ कोटी होते. कामकाजातील नफा ६४९ कोटी दाखवला होता, खरा ६१ कोटी होता. कंपनी मुंबई आणि न्यूयॉर्क अशा दोन्ही शेअर बाजारांत नोंदलेली होती, लेखापरीक्षण प्राइस वॉटरहाउसचे होते आणि अवघ्या काही महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २००८ मध्ये, तिला उत्तम कंपनी कारभारासाठी ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला होता. तो पुढे काढून घेण्यात आला.

सत्यमच्या आकड्यांकडे आज पाहिले तर चौकशी करणाऱ्याला एक दुवा सापडतो. नफा कागदावर रंगवणे सोपे असते, पण त्या नफ्याचे पैसे कुठेतरी असल्याचेही दाखवावे लागते. म्हणूनच तो फुगवटा बँकेतील शिलकेत जाऊन बसला. ज्या कंपनीच्या खात्यात हजारो कोटी पडून असल्याचे दिसते आणि तरीही ती कर्ज काढते किंवा त्या शिलकेवर तिला मिळणारे व्याज बेताचे दिसते, तिथे नफा-तोटा पत्रकाबरोबरच रोख प्रवाहाचे पत्रक उघडावे. लहान कंपन्यांत हाच फुगवटा बहुधा न आलेल्या येण्यांत किंवा न विकलेल्या साठ्यात असतो.

पतमानांकनाची कथाही फारशी वेगळी नाही. ‘आयएल अँड एफएस’ या पायाभूत क्षेत्रातील वित्तसमूहावर ९० हजार कोटींहून अधिक कर्ज होते. त्याच्या मुख्य कंपनीचे दीर्घ मुदतीचे मानांकन ऑगस्ट २०१८ च्या सुरुवातीपर्यंत ‘एएए’ म्हणजे सर्वोच्च होते. सप्टेंबरमध्ये हप्ते चुकू लागले आणि १ ऑक्टोबरला केंद्र सरकारने राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडून संचालक मंडळ बरखास्त करवून घेतले. मानांकनाचे शुल्क ज्याचे मानांकन करायचे तोच देतो, ही व्यवस्था जगभर आहे आणि तिच्यावरची टीकाही जुनीच आहे.

तरीही मानांकन निरुपयोगी आहे असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. फक्त अक्षरांवर थांबू नये. या संस्था आपल्या संकेतस्थळांवर दोन-चार पानांचे कारणपत्र विनामूल्य देतात आणि बँकांकडून कर्ज घेणाऱ्या कित्येक मध्यम कंपन्यांचीही अशी पत्रे तिथे असतात. त्यात एखादा ग्राहक उलाढालीच्या निम्मा वाटा उचलतो, कर्जमर्यादा जवळपास पूर्ण वापरलेली असते, अशा गोष्टी साध्या शब्दांत लिहिलेल्या आढळतात. आणि मानांकनापुढे ‘कंपनी सहकार्य करीत नाही’ अशा अर्थाचा शेरा असेल, तर कंपनीने मानांकन संस्थेला माहिती देणे थांबवले आहे. जी कंपनी शुल्क घेणाऱ्या संस्थेलाही हिशेब दाखवत नाही, ती उधारीवर माल देणाऱ्याला काय दाखवणार?

बाजाराचा आकार आणि आकड्यांचे मूळ

एका ग्राहकाची चौकशी झाली, आता बाजाराची. नवा उद्योग काढणारा, बँकेसाठी प्रकल्प अहवाल लिहिणारा किंवा निर्यातीचा विचार करणारा माणूस ‘या मालाला मागणी किती’ असा प्रश्न घेऊन निघतो आणि त्याला बहुधा एखाद्या बाजार-संशोधन संस्थेच्या अहवालाची जाहिरात सापडते. अमुक बाजार इतक्या अब्ज डॉलरचा, दरवर्षी इतक्या टक्क्यांनी वाढणार, वगैरे. मूळ अहवालाची किंमत हजारो डॉलर असल्याने तो कुणी वाचत नाही. जाहिरातीतला आकडा तेवढा प्रकल्प अहवालात, तिथून भाषणात आणि भाषणातून बातमीत जातो. चार ठिकाणी दिसला म्हणून तो चार जणांनी मोजला असे होत नाही.

समभागविक्री करणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रात, म्हणजे प्रॉस्पेक्टसमध्ये, ‘उद्योगाचा आढावा’ असे एक प्रकरण असते. अभ्यासकाला ते फार उपयोगाचे, कारण एरवी महाग असलेली माहिती तिथे फुकट मिळते. मात्र हा आढावा अनेकदा त्याच कंपनीने पैसे देऊन करवून घेतलेल्या अहवालावर बेतलेला असतो आणि तसे त्यात नमूदही केलेले असते. ती ओळ शोधून वाचावी. याच दस्तऐवजातील ‘जोखमीचे घटक’ आणि ‘प्रलंबित दावे’ ही प्रकरणे मात्र कंपनीच्या इच्छेविरुद्ध, नियामकाच्या सक्तीमुळे लिहिलेली असतात. त्यामुळे पुष्कळदा तीच सर्वांत विश्वासार्ह ठरतात. स्पर्धक कंपनीचा प्रॉस्पेक्टस ‘सेबी’च्या संकेतस्थळावरून उतरवून घेतला, तर त्या धंद्यातील कच्च्या मालाचा खर्च, नफ्याचे प्रमाण आणि नेहमीच्या भांडणांचे विषय एका बैठकीत कळतात.

आयात-निर्यातीचे आकडे शोधताना मालाच्या नावाऐवजी त्याचा संकेतांक वापरावा. यातले पहिले सहा अंक जगभर सारखे असतात. ताजी द्राक्षे ०८०६ १० मध्ये येतात, सुकवलेली ०८०६ २० मध्ये. नुसता ‘द्राक्षे’ असा शोध घेतला तर दोन्ही एकत्र होतात आणि बेदाण्याचा बाजार आहे त्यापेक्षा कितीतरी मोठा भासतो. वाणिज्य मंत्रालयाचा विदा शुल्काविना पाहता येतो. तो कोलकात्याच्या वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालयात संकलित होतो. भारताची निर्यात आणि तोच माल घेणाऱ्या देशाची आयात हे आकडे सहसा जुळत नाहीत, याचेही नवल वाटू नये. निर्यातीची किंमत बंदरावर जहाजात चढेपर्यंतची धरतात, आयातीत विमा आणि वाहतूकही मिळवतात. शिवाय आपले आर्थिक वर्ष एप्रिलपासून चालते आणि आंतरराष्ट्रीय तक्ते बहुधा जानेवारीपासून.

सरकारी आकडाही चुकतो, तेव्हा किती चुकतो याचे उदाहरण महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचे आहे. जानेवारी २०१२ चा औद्योगिक उत्पादन निर्देशांक आधी ६.८ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले. एप्रिलमध्ये ती वाढ सुमारे १.१ टक्का असल्याचे सांगण्यात आले. कारण साखर. त्या महिन्याचे साखर उत्पादन ५८.०९ लाख टन धरण्याऐवजी १३४.०८ लाख टन धरले गेले होते. एका जिनसाच्या चुकीने साऱ्या देशाच्या उद्योगाची गती सहापटीने फुगली. त्याआधी डिसेंबर २०११ मध्ये वाणिज्य सचिवांनी निर्यातीचे आकडे सुमारे ९ अब्ज डॉलरनी जास्त मोजले गेल्याचे मान्य केले होते. या चुका सरकारने स्वतःच उघड केल्या हे खरे. पण मधल्या काळात ज्यांनी त्या आकड्यांवर तक्ते बांधले, त्यांचे तक्ते कुणी दुरुस्त केले असतील असे वाटत नाही. पहिला अंदाज, सुधारित आकडा आणि अंतिम आकडा यांत फरक असतो. म्हणून कोणताही आकडा टिपताना तो कोणत्या तारखेला पाहिला हे शेजारी लिहून ठेवावे.

चूक नसतानाही आकडा बदलतो. ३० जानेवारी २०१५ रोजी राष्ट्रीय उत्पन्नाचे आधारवर्ष २००४-०५ ऐवजी २०११-१२ करण्यात आले, मोजणीची पद्धतही बदलली आणि २०१३-१४ चा विकासदर ४.७ वरून ६.९ टक्के झाला. दोन मालिकांतील आकडे एकाच आलेखावर जोडणारा अहवाल पाहिला की तो लिहिणाऱ्याने तळटीप वाचलेली नाही, हे समजून जावे.

शहरातील ग्राहकसंख्येचा अंदाज बांधणाऱ्यांची पंचाईत आणखी मोठी आहे. पूर्ण झालेली शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची लांबली. जून २०२५ मधील अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली. हिंजवडी, वाघोली, पनवेल अशा ठिकाणांसाठी २०११ चा आकडा दुसऱ्याच गावाचा वाटावा इतका जुना झाला आहे. अशा वेळी मतदार याद्या, वीजजोडण्या, महारेराकडे नोंदलेले गृहप्रकल्प, शाळांतील पटसंख्या अशा आडवाटेच्या नोंदींचा आधार घ्यावा लागतो. यातला एकही आकडा लोकसंख्या सांगत नाही; पण तीन आडव्या नोंदी एकाच दिशेने बोट दाखवत असतील तर अंदाजाला बळ येते.

शेतमालाच्या दरांसाठी केंद्राचे ‘अ‍ॅगमार्कनेट’ आणि राज्य कृषी पणन मंडळाचे संकेतस्थळ रोजची आवक व दर देते. कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. व्यवहाराच्या कामाचा तिसरा. जास्तीत जास्त दर एखाद्याच निवडक ट्रॉलीला मिळालेला असू शकतो. बातमीच्या मथळ्यात मात्र बहुधा तोच जातो, हे वृत्तपत्रांनीही मान्य करायला हवे.

छापील कागद आणि बोलकी माणसे

सगळे संगणकावर मिळते या समजुतीपायी ग्रंथालयांकडे पाठ फिरवली जाते. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास येते आणि ती संकेतस्थळावर मिळते; पण त्याच संचालनालयाच्या जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनांचे जुने अंक हवे असतील तर ग्रंथालय गाठणेच बरे. १९३० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय या बाबतीत मोठे आधारस्थान आहे. १९३४ पासून काम करणाऱ्या मराठा चेंबरसारख्या उद्योजकांच्या संघटनांकडेही धंद्यानिहाय माहिती आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या धंद्यातील माणसांच्या ओळखी असतात. संघटनेचे आकडे मात्र संघटनेचे म्हणूनच वाचावेत. करसवलत मागताना एखादा उद्योग मरणपंथाला लागलेला असतो आणि गुंतवणूक मागताना तोच भरभराटीत असतो.

माहितीच्या अधिकाराचाही उपयोग होतो. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. एखाद्या पालिकेने वर्षात किती परवाने दिले, निविदेत कुणाला किती दराने काम मिळाले, हे त्यातून कळते. व्यापारी गुपितांना मात्र २००५ च्या या कायद्याच्या आठव्या कलमाने संरक्षण दिले आहे, त्यामुळे खासगी कंपनीचे अंतरंग या मार्गाने उलगडेल अशी अपेक्षा ठेवू नये. दिवाणी दावे ‘ई-कोर्ट्स’वर पक्षकाराच्या नावाने शोधता येतात; दिवाळखोरीच्या जाहीर सूचना त्या विषयाच्या नियामक मंडळाच्या संकेतस्थळावर असतात.

राहता राहिली माणसे. तोंडी माहिती कमी प्रतीची असे मानण्याचे कारण नाही, प्रश्न नेमका विचारता आला पाहिजे. ‘पार्टी कशी आहे’ याला उत्तर ‘चांगली’ हेच मिळते. ‘मागच्या खेपेचे पैसे किती दिवसांनी आले’ याला आकड्यात उत्तर द्यावे लागते. बेदाण्याच्या बाजारात दिवाळीच्या सुमारास सौदे थांबवून जुनी देणी शून्यावर आणण्याची प्रथा आहे. त्या दिवसांत कुणाचे नाव यादीत उरते, हे कोणत्याही विदासंग्रहाआधी अडत्यांना ठाऊक असते. उत्तर देणारा त्याच कंपनीचा दलाल आहे की स्पर्धक, एवढे मात्र आधी पाहावे.

आता सुरुवातीच्या त्या मुंबईच्या कंपनीकडे वळू. शंभर रुपये भरून तिचा ताळेबंद उघडला की ‘व्यापारी देणी’ या रकमेला वर्षभराच्या खरेदीने भागून ३६५ ने गुणावे. खरेदी २० कोटी आणि देणी ८ कोटी असतील तर उत्तर १४६ येते. म्हणजे ही कंपनी पुरवठादारांचे पैसे सरासरी १४६ दिवसांनी देते. मागणीपत्रावर पंचेचाळीस लिहिलेले असले तरी. वर्षअखेरीस मोठी खरेदी झाली असेल तर हे गणित फसू शकते, म्हणून टीपांमधील देण्यांच्या वयाचा तक्ता पाहावा. एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना तो द्यावा लागतो : एक वर्षाच्या आतली देणी, एक ते दोन वर्षांची, दोन ते तीन वर्षांची आणि त्याहून जुनी. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी त्यात वेगळ्या ओळीत असतात आणि वादग्रस्त देणीही निराळी दाखवलेली असतात. किलोमागे चार-पाच रुपये जास्तीचे का मिळत होते, याचे उत्तर पुष्कळदा त्या ओळींत असते.